तिळाएवढं पाखरू

आमच्या गावात ते पाखरू सगळ्यात आधी मी पाहिलं. हे मी छाती ठोकून सांगते, आणि कुणी वाद घातलाच तर भांडायचीही माझी तयारी असते. पाहिलं म्हणजे उडताना पाहिलं असं नाही. उडताना ते कुणाच्या बापाला दिसत नाही. मी ते बरणीत धरलं, उन्हाकडं करून त्याचे पंख पाहिले, पंखाच्या टोकाचा काळा ठिपका पाहिला. आमच्या नेकनूर भागात वीस-वीस वर्षं मोसंबी करणारी माणसं आहेत. त्यांच्या झाडांवर ते पाखरू इतकी वर्षं सुखानं नांदलं, पण त्यांना ते दिसलं नाही. आणि मी कोण? तर ब्लाऊज शिवणारी बाई. दहावी पास, तीही दुसऱ्या खेपेला.

पण ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या नजरेला कमी समजू नये. सत्तेचाळीसावं लागलंय, तरी सुईत दोरा मी चष्म्याशिवाय ओवते. साडीचा फॉल एका टाक्यानं हुकला तरी मला लांबून कळतं. या नजरेचं आमच्या घरात मात्र कुणाला कौतुक नव्हतं. सासरे म्हणायचे, "बारीकसारीक बघत बसती नुस्ती. मोठं काय दिसत न्हाई हिला."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. लेक अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, हॉस्टेलात राहते. नवरा मांजरसुंब्याला टायरच्या दुकानात कामाला, तो सकाळी जातो तो दिवेलागणीलाच येतो. म्हणजे दिवसभर घरात आणि रानात आम्ही दोघंच. एक हट्टी आणि एक तापट. तापट कोण ते सांगायला नको.

रस्त्याकडेचा तुकडा मोसंबीला द्या म्हणून मी दोन वर्षं मामांच्या मागं लागले होते. शेतीतलं बाईनं बोलायचं आणि पुरुषांनी ऐकायचं, असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं. शेवटी मामा हो म्हणाले, पण फुकटात नाही.

"तिसऱ्या दसऱ्यापर्यंत झाडांनी जीव धरला तर धरला," ते म्हणाले. "न्हाई धरला तर ट्रॅक्टर घालून उपटायची आन पुन्ना तूर पेरायची. आन मंग रानातल्या कामात तू त्वांड घालायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे, उचलली आणि टाळ्याला लावली.

एकशे दहा झाडं लावली. गंमत अशी झाली की ज्या माणसाला मोसंबी नको होती, तोच तिच्या प्रेमात पडला. मोसंबीला नवी पालवी फुटते तिला नवती म्हणतात. पोपटी, लुसलुशीत, हात लावला तरी चुरगळेल अशी. आमचं रान रस्त्याला लागूनच असल्यामुळं मांजरसुंब्याकडं जाणारी एसटी अगदी बांधाजवळून जाते. एकदा गाडी तिथं थोडा वेळ थांबली आणि कंडक्टर खिडकीतून ओरडला, "मामा, बाग लई भारी केली हो!" झालं! त्या दिवसापासून एसटीच्या टायमाला मामा धुतलेला पटका बांधून बांधावरच्या दगडावर जाऊन बसायला लागले. नवती हलताना दिसली पाहिजे, म्हणून ठिबकच्या पाण्यात ओंजळीनं युरिया. एक पालवी जून होते न होते तोवर दुसरी. मी म्हणायचे, "मामा, झाडाला जरा दम खाऊ द्या की." ते म्हणायचे, "तू ब्लाऊज शिव."

तिसऱ्या पावसाळ्यात त्या नवतीवर रेघा उमटल्या. चंदेरी, वेड्यावाकड्या, कुणीतरी पानावर जरीचा दोरा टाकून विसरून गेल्यासारख्या. चार दिवसांत पानं मुडपली, कडा आत वळल्या, आणि सगळी बाग आकसून बसली. दसरा तीन महिन्यांवर होता आणि हा त्या अटीतला तिसरा दसरा होता.

मामांनी लगेच निदान करून टाकलं. नजर लागली! कुणाची, तर एसटीतल्या लोकांची. रोज दोनदा गाडी भरून माणसं बागेकडं बघत जातात, मग लागणार नाही तर काय? त्यांनी रस्त्याच्या बाजूला काळं मडकं उलटं टांगलं, जुनी चप्पल टांगली आणि एका झाडाला लिंबू-मिरचीही बांधली. लिंबाच्याच जातीच्या झाडाला लिंबू! मी तोंडाला पदर लावून हसले, ते त्यांना दिसलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. आजारी पानं झाकली जावीत म्हणून युरियाची ओंजळ आणखी मोठी झाली.

मडक्यानं काही होईना, तेव्हा दुकानातून बाटली आली. फवारा झाला. आठ दिवसांनी दुसरी बाटली, पहिलीपेक्षा उग्र. मग तिसरी. वासानं मला मळमळायचं. एवढं करून प्रत्येक फवाऱ्यानंतरची नवी पालवी आधीपेक्षा जास्त रेघाळलेली निघायची. मामांचं तोंड उतरत चाललं होतं. ट्रॅक्टरवाल्याशी त्यांचं बोलणं झालंय, हे मला नवऱ्याकडून कळलं. त्या दिवशी मी मशीनवर बसून रडले. खोटं कशाला सांगू? झाडांसाठी रडले, आणि उरलेला जन्म रानात गप्प बसून काढायचा, या विचारानं त्याहून जास्त रडले.

रडून झालं की मला राग येतो, आणि राग आला की माझे हात चालायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले आणि एक मुडपलेलं पान तोडून त्याची कड नीट निरखली. ती नुसती वळलेली नव्हती. ब्लाऊजच्या बाहीला मी आत दुमड घालते ना, तशी बरोब्बर दुमड होती, आतून चिकटवल्यासारखी. आता पानाला शिवणकाम कुणी शिकवलं? पदराला माझी सुई कायम टोचलेली असते. ती काढून हळूच दुमड उसवली. आत एक पिवळट तपकिरी कोष, तांदळाच्या कणीएवढा.

अशी दुमडलेली पंधरा-वीस पानं मी मसाल्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत टाकली, तोंडावर अस्तराचा तुकडा बांधला आणि बरणी मशीनशेजारी ठेवून दिली. पाचव्या दिवशी सकाळी बरणीच्या काचेला काहीतरी चिकटलेलं दिसलं. मला वाटलं, तीळ. मग तो तीळ चालला.

अगं बाई, काय देखणं होतं ते! चांदीसारखे पंख, त्यावर सोनेरी पट्टे, कडेला झालर, आणि टोकाला एक-एक काळा ठिपका, मुद्दाम टिकली लावल्यासारखा. एवढ्याशा पाखरावर असलं काम कुणी केलं असेल! क्षणभर मी विसरलेच, की हा माझ्या बागेचा वैरी आहे. लेकीनं मागं एकदा शेतीच्या कॉलेजातल्या एका सरांचा नंबर दिला होता. त्यांना फोटो पाठवला. ते म्हणाले, हे नागअळीचं पाखरू, याची मादी फक्त कोवळ्या पानावर अंडी घालते. अळी पानाच्या कातडीखाली राहून आतून खात जाते, ती रेघ म्हणजे तिची वाट.

फक्त कोवळ्या पानावर! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामा एसटीवाल्यांना दाखवायला वर्षभर कोवळी पानं फुटवत होते. म्हणजे आम्ही त्या पाखराला रोज पंगत वाढत होतो, आणि वर आग्रह करत होतो.

मग मला हौदाजवळची सात झाडं आठवली. तिथवर ठिबकची नळी पोचत नाही, म्हणून त्यांना युरियाचं पाणी नाही. आणि हौदावर म्हशी पाणी पितात, म्हणून मामा तिथं फवारत नाहीत. कुणी ढुंकून बघत नव्हतं त्यांच्याकडं. मी जाऊन पाहिलं तर झाडं बुटकी, काळपट हिरवी, पण धड. रेघा होत्या, तुरळक. तिथलीही रेघाळलेली पानं मी दुसऱ्या बरणीत भरली.

त्या बरणीतून पाखरं फार निघालीच नाहीत. निघाल्या त्या माश्या. राईच्या दाण्याहून लहान, काळसर, चपळ. सुईनं पानं उघडून पाहिली, तर अळी मेलेली, आतून पोकळ, आणि तिच्या जागी ह्या बाईसाहेब. मी फवारलेल्या झाडांची आणखी एक बरणी भरून पाहिली. तीत एकही माशी नाही, सगळी पाखरंच. आता गं बया! अळी पानाच्या कातडीखाली सुखरूप, फवारा तिच्यापर्यंत नीट पोचतच नव्हता. मरत होती ती बाहेर फिरणारी, अळीला खाणारी माशी. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही आमच्याच हातानं, तीन वेळा. सरांना फोन करून हे सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, हेच मी तुम्हाला सांगणार होतो." सांगणार होते! सांगितलं मी.

घरी येऊन बघते, तर मामा अंगणात चौथ्या फवाऱ्यासाठी पंप धूत बसलेले. मी पंपाच्या नळीचं नोझल फिरवून काढलं, घरात नेऊन मशीनच्या खणात टाकलं आणि खणाला किल्ली घातली. मामांनी हात पुढं केला.

"नोझल दे."

"न्हाई देत."

"कावून?"

"बसा. दावते तुमाला."

मी एक पाखरांची आणि एक माश्यांची, अशा दोन बरण्या त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांना काहीच दिसेना. मग मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून दाखवलं. मामा कितीतरी वेळ त्या पाखराकडं बघत बसले. नजर लागली होती तोवर त्यांचं बरं चाललं होतं. एसटीभर माणसांनी हेवा केला म्हणून बाग गेली, यातही एक इज्जत होती. पण हे!

"ह्ये?" ते म्हणाले. "एवढंसं? ह्येनं माझी बाग खाल्ली?"

"तुमी ताट वाढलं, मामा. त्यानं खाल्लं."

हे मी बोलायला नको होतं, पण माझ्या तोंडाला लगाम कुठाय? मामा उठले, पटका झटकला आणि दाराशी जाऊन म्हणाले, "दसऱ्यापत्तुर तुज्या मनासारकं कर. युरिया न्हाई, फवारा न्हाई. पर दसऱ्याला ट्रॅक्टर येनार म्हंजी येनार. बोली ती बोली."

आता सांगते माझी खरी कमाल. दुमडलेली पानं तोडून जाळली, तर पाखरं मरणार, पण आतल्या माश्याही जाणार. आणि मला माश्या हव्या होत्या. माशी बाहेर यावी आणि पाखरू आतच राहावं, असं काय करावं? हा प्रश्न कुठल्याही साहेबाला टाका, तो डोकं खाजवेल. मला उत्तर हाताशीच होतं. बायकांच्या बाह्यांना मी जाळीचं कापड लावते, आणि जाळीच्या भोकात किती फरक असतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? ओढणीची जाळी लावून पाहिली, तर पाखरूही निसटलं. मच्छरदाणीचं तेच. मग नवरीच्या घागऱ्याची बारीक जाळी उरली होती, ती बांधली. माश्या भराभरा बाहेर, पाखरू आत फडफडत. मी मशीनवर थाप मारून अशी ओरडले, की शेजारीण धावत आली.

रोज सकाळी मी हौदाजवळची झाडं धरून सगळ्या बागेत हिंडून मुडपलेली पानं तोडायची, बरण्या भरायच्या, जाळी बांधायची आणि त्या फवारलेल्या झाडांना टांगायच्या. वर ऊन-पावसाला प्लास्टिकच्या पिशवीची टोपी. गावाला काय, फुकटचा तमाशा! "बाईनं झाडाला लोणचं टांगलंय," असं म्हणायचे. कंडक्टरनं तर एकदा गाडी हळू करून विचारलं, "काय मामा, लोणचं मुरलं का?" एसटीभर माणसं हसली. त्या दिवसापासून मामा बांधावर बसायचे, पण रस्त्याकडं पाठ करून. ते पाहून मला खरंच वाईट वाटलं. त्यांच्या आयुष्यात त्या खिडकीतल्या कौतुकाशिवाय दुसरं होतंच काय?

आणि बाग काळी पडली. नवती नाही, लुसलुस नाही, नुसती जून पानं. बरोबर चाललंय असं बुद्धी सांगायची, पण भीती काही जायची नाही. मध्ये एक दिवस मोबाईल उघडला, तर त्यात पानांचे फोटो. मी काढलेले नाहीत. निम्म्या फोटोंत मामांचा अंगठा. मला वाटलं, म्हातारा पुरावा जमवतोय. ट्रॅक्टरवाल्याला दाखवणार असेल की बघ, काय हाल केले पोरीनं बागेचे.

भाद्रपदातल्या पावसानं झाडांनी आपणहून एक पालवी काढली. मी तिच्याकडं भीत भीत बघायचे. काही पानांवर रेघा होत्या, काहींवर नव्हत्या. बरं झालं की नाही, ते माझं मला ठरवता येईना.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळा, कुदळ, वखर, कोयता, सगळं धुऊन ओळीनं मांडायचं. मामा पंप पुसून घेऊन आले आणि म्हणाले, "नोझल आण."

मी खणाची किल्ली मुठीत आवळली. "कशाला?"

"अर्धवट हत्याराची पूजा करत असतेत व्हय?"

मी खण उघडून नोझल दिलं. त्यांनी ते पंपाला बसवलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि पंप भिंतीला टेकवून ठेवला. आता उद्या हा माणूस फवारणार का उपटणार, एवढंच बघायचं राहिलंय, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "जरा सबूर कर." सबुरी माझ्या बापजन्मात नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी पुरणाचा गॅस तसाच ठेवून बाहेर धावले, कारण रानाच्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज आला. चप्पलही घातली नाही. बांधाजवळ ट्रॅक्टर उभा, बॉनेटवर झेंडूचा हार. ट्रॅक्टरवाला सीटवरूनच विचारत होता, "मग मामा, घालू का आत?"

मामा बागेत रस्त्याकडेच्या झाडापाशी उभे होते. "थांब बे जरा," ते म्हणाले. मग मला हाक मारली, "हिकडं ये, पोरी."

मी गेले. मला धाप लागली होती, आणि भांडायला शब्दही तयार होते. मामांनी हात वर करून नव्या फांदीचं एक पान खुडलं आणि माझ्यापुढं धरलं.

"सोनं घे."

दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याला सोनं द्यायचं, पाया पडायचं, अशी आमच्याकडं रीत. थोरले आधी देत नसतात, आणि सोनं असतं ते आपट्याचं पान. मी खुळ्यासारखी बघत राहिले.

"बघ की," मामा म्हणाले. "रेघ बघ. इथून निगाली, ह्या शिरंपत्तुर आली, आन हितं थांबली. अर्ध्यातच मेली भडवी. तुज्या माशीनं खाल्ली. समद्या बागंत असंच हाय. रोज बघतोय मी."

मी पान उन्हात धरलं. बोटभर रेघ, आणि पुढं सगळं पान हिरवंगार, सपाट, धड. मला रडू फुटलं. माणसांसमोर मी कधी रडत नाही, पण तेव्हा रडले, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला, मान लांब करून पानाकडं बघायला लागला. "काय हाय ते, मामा? मला तर काय दिसंना."

"तुला न्हाई दिसायचं," मामा म्हणाले. "त्याला बारीक बघणारं माणूस लागतं."

मी पाया पडले. ट्रॅक्टर आला तसा परत गेला. थोड्या वेळानं एसटीचा हॉर्न वाजला, तेव्हा मामा दगडावर बसले होते, रस्त्याकडं तोंड करून.